साडेपाचचा आकडा

१८ फेब्रुवारी २००२, सोमवार

माझी स्क्रिप्ट काढून टाकणार आहेत.

रविराजसरांनी मीटिंगमध्ये सांगितलं — इतकं गोड हसून की मीही हसले. मूर्ख! "सत्यशीलाताई, आता तुमच्यावरचा भार हलका." भार! शहाऐंशी ओळींची स्क्रिप्ट. कुणाच्या खांद्याला रुतत होती?

हेड ऑफिसनं नवीन टूल घ्यायचं ठरवलंय. संध्याकाळचं बिल्ड — सगळ्यांचे प्रोग्रॅम एकत्र जोडायचं काम, जे आजवर माझी स्क्रिप्ट करायची — आता ते टूल आपोआप करणार. आई होती तेव्हा विचारायची, तू दिवसभर करतेस तरी काय गं? मी सांगायचे — खाली चाळीस जण आपापली पोळी लाटतात, मी संध्याकाळी त्या सगळ्याचं एक ताट वाढते. एकाची जरी पोळी कच्ची निघाली तर अख्खं ताट परत. हे तिला पटायचं. "म्हणजे वाढपी," म्हणायची.

आता वाढपी मशीन. बसा.

१९ फेब्रुवारी

टूल बसवायचं काम ऋतुजाला दिलंय. पोरगी बालेवाडीची, चार महिन्यांपूर्वी लागली, अजून प्रोबेशनवर. वडिलांची शेती रस्त्यात गेली, पैसा आला, दारात दोन गाड्या. ऑफिसात कुजबुज अशी की ही हौसेखातर नोकरी करते. आपल्या लोकांना दुसऱ्याच्या हौसेचा फार त्रास.

तीन जिने चढून वर आली, वही-पेन घेऊन. "ताई, मला तुमची स्क्रिप्ट लाइन बाय लाइन समजावाल? म्हणजे तेच सगळं मी टूलमध्ये कॉन्फिगर करते."

लाइन बाय लाइन!

"उद्या बघू," म्हटलं. ती गेल्यावर पाणी प्यायले. अख्खी बाटली.

२१ फेब्रुवारी

कुठेतरी लिहून टाकते. वहीशिवाय सांगू कुणाला?

अठ्ठ्याण्णवपर्यंत बिल्ड मी हातानं करायचे. चार वाजल्यापासून माझ्या टेबलाभोवती ही गर्दी! "ताई, माझी फाइल घेतली का", "ताई, माझ्यामुळे मोडणार बहुतेक, रागावू नका हं." भेळ यायची. भांडणं व्हायची. सातपर्यंत घसा बसायचा. मग मला अक्कल सुचली — हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये बांधू. दोन महिने लागले. झाली तेव्हा टाळ्या, पेढे, रविराजसरांचं भाषण. दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावरच्या मशीनवर कुणीही एक शब्द टाइप करायचा आणि बिल्ड सुरू. माझी गरज संपली. अतिशहाणी, आणि बैल रिकामा! महिनाभरात माझं टेबल तिसऱ्या मजल्यावर, स्टेशनरीच्या खोलीशेजारी, जुन्या मॉनिटरांच्या खोक्यांपाशी आलं.

अकरा दिवस. अकरा दिवस ऑफिसात माझ्याशी कुणी बोललं नाही. चहावाला सोडून. तोही एवढंच — "बिनसाखरेचा ना?"

बाराव्या दिवशी मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. स्क्रिप्ट मध्येच थांबते आणि विचारते — आजचा आकडा? आकडा टाकला की पुढे जाते. आकडा माझ्याकडे. म्हणजे रोज साडेपाचला खालून कुणीतरी एक जण वर येणार, आकडा घेणार, खाली जाऊन टाकणार. "सुरक्षेसाठी," म्हणून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी चष्मा लावते, वहीत बघते, हळू आवाजात आकडा सांगते. जणू काही रिझर्व्ह बँकेचं गुपित!

आणि ती ओळ काहीही तपासत नाही. आकडा कुठलाही टाका. नाव टाका, शिवी टाका — चालेल. ती नुसती थांबते. थांबावं म्हणूनच घातली. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आता ऋतुजा लाइन बाय लाइन वाचणार.

२२ फेब्रुवारी

आज रंगराव आले आकड्याला. खाली टेस्टिंगला आहेत. पन्नाशी उलटलेली, आधी खडकीच्या फॅक्टरीत होते. जिना चढले की आधी धापा टाकत खोक्यावर बसतात. आज स्कूटरचं पुराण. क्लच वायर तुटली, मेकॅनिक म्हणाला उद्या, हे म्हणाले उद्या म्हणजे पुण्यातला उद्या की खरा उद्या? मी हसले. आकडा दिला. गेले.

चार मिनिटं झाली असतील. बस, एवढंच असतं. कधी नम्रता येते, सासूबद्दल तक्रार करते. कधी मशीन रूमचा मच्छिंद्र, तो बोलतच नाही, खिडकीतून बाहेर बघतो, "येतो ताई" म्हणतो. पण येतो ना.

२५ फेब्रुवारी

टूल आज पहिल्यांदा चालवलं. माय वं! काय ते प्रश्न!

कंपायलर आहे का — आहे. चालतो का — चालतो. चालतो म्हणजे खरंच चालतो का — अरे, दहा वर्षं चालतोय! अमुक आहे का, तमुक आहे का, जे आम्ही जन्मात वापरलं नाही तेही आहे का. पडदाभर प्रश्न. मुलगी बघायला आल्यासारखं — चालून दाखव, शिवण येतं का, केस खरेच का एवढे लांब? मला तेहेतीस जण बघून गेले, एवढी चौकशी एकानंही केली नव्हती.

शेवटी त्यानं अकरा हजार ओळींची फाइल काढून ठेवली. माझ्या शहाऐंशी. ऋतुजाला म्हटलं, हे वाचायचं कधी? "ताई, ते वाचायचं नसतं." वाचायचं नसतं तर लिहायचं काहून?

रागात वाशिम बाहेर पडतं. ऋतुजाला मजा वाटली. "काहून," म्हणत हसत खाली गेली.

२७ फेब्रुवारी

लिहायला जड जातंय, पण खोटं नको. क्लायंटकडून वेगळ्याच जातीचं एक मशीन आलं. मागच्या वेळी असं आलं तेव्हा स्क्रिप्ट त्यावर चालवायला मला नऊ दिवस लागले होते. टूलनं आपले शंभर प्रश्न विचारले आणि वीस मिनिटांत बिल्ड! त्याचे आगाऊ प्रश्न ह्याच्यासाठी होते तर.

माझी स्क्रिप्ट घरच्या तीन मशीनना ओळखते. चौथं कुणी आलं की दार उघडत नाही. टूल हुशार आहे. मान्य.

पण त्याला थांबता येत नाही. साडेपाचला आपोआप सुरू होणार, कुणाला काही विचारणार नाही.

३ मार्च, रविवार

रविवारी कसब्यात तांबट आळीतली ठोकाठोकसुद्धा बंद असते. सकाळी पाणी भरताना घरमालकीण मथुराबाई म्हणाल्या, "एकट्या बाईला तीन बादल्या? मासे पाळलेत का?" मी म्हटलं, "हो, उद्या दाखवते." बस. आज दिवसभरात माझं बोलणं एवढंच झालं — "हो, उद्या दाखवते." आणि दूधवाल्याला "अर्धा."

रविवार मला आवडत नाही. लिहिलं एकदाचं. बाकीच्या बायका सोमवारला शिव्या देतात, मी शनिवारी संध्याकाळी सोमवारची वाट बघते.

५ मार्च

ऋतुजा एकेचाळिसाव्या ओळीवर पोचली.

"ताई, हा आकडा तपासला कुठे जातो? मला सापडत नाहीये."

"आत आहे," मी म्हटलं.

"आत म्हणजे कुठे?"

"खूप आत."

बिचारीनं वहीत लिहून घेतलं! चोराच्या मनात चांदणं — दिवसभर ती जिन्यात दिसली की मी उगाच वही उघडून बसायचे. चार वाजता परत आली. खाली सगळ्यांना विचारून आली होती. "ताई, सगळे एकच सांगतात, ताईंना विचार. रंगरावकाका तर म्हणाले, ते ताईंचं आहे, आम्हाला त्यातलं कळत नाही."

८ मार्च

महिला दिन. प्रत्येकीला एक गुलाब आणि एक प्लास्टिकचा कंगवा. कंगवा कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे.

आणि आज कळलं की मी किती खोल खड्डा खणून ठेवलाय. रविराजसरांनी ऋतुजाला सांगितलं, आकड्याशिवाय टूल चालू करायचं नाही. का? तर क्वालिटीवाल्यांनी तो आकडा आमच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात घालून ठेवलाय! कलम सात पूर्णांक चार — सायंकालीन आकडा पडताळणी. आकृतीसकट. बाण काढलाय, तळमजल्यापासून माझ्या टेबलापर्यंत. तीन वर्षं हे लोक परदेशी क्लायंटला ते पान अभिमानानं दाखवतायत. "आपल्याकडे माणूस रोज स्वतः तपासतो." २५ मार्चला क्लायंटची दोन माणसं तपासणीला येणार. तोवर टूलही हवं आणि आकडाही हवा.

करायला गेले गणपती! मी एक ओळ लिहिली, कुणीतरी दोन मिनिटं बोलावं म्हणून. त्याचं कलम झालं.

१२ मार्च

ऋतुजानं जुगाड केला — टूल मला ई-मेल पाठवणार, माझ्या उत्तराची वाट बघणार, मग पुढे. वाट बघता बघता टूल गळपटलं. काल संध्याकाळी जायचा माल आज दुपारपर्यंत क्लायंटला गेला नाही. आज परत जुनी स्क्रिप्ट.

रविराजसरांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. "तुमचं बरंय, घरी गाड्या आहेत. आम्हाला पगारावर जगायचंय." सगळ्यांसमोर. नम्रतानं सांगितलं, आकड्याला आली तेव्हा. मी विचारलं, "ऋतुजा रडली का?" नम्रता म्हणाली, "नाही. तेच वाईट वाटलं."

मी आकडा दिला. चष्मा लावून, वहीत बघून.

१४ मार्च

आज ऋतुजा डबा घेऊन वर आली. "इथे बसू का, ताई? खाली सगळे माझ्याकडे बघतात." ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा. अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली, न विचारता. ह्या टेबलावर मी तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाबरोबर जेवले.

बोलली थोडं. वडील रोज फोनवर विचारतात — "जमतंय न्हाय? नसंल जमत तर घरी ये. तुला काय कमी हाय?" ती म्हणाली, "ताई, त्यांना वाटतं ते धीर देतायत. पण घरात जे आहे ते जमिनीचं आहे. माझं असं ही नोकरीच. ती पण गेली तर मी त्या घरातली एक वस्तूच की."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. शब्द जिभेवर आले होते — ती ओळ खोटी आहे, काढून टाक. आणि मला जिन्यावर रंगरावांची चप्पल ऐकू आली. साडेपाच कुठले, दीड वाजला होता, भासच झाला मला. पण तोंड मिटलं. म्हटलं, "ठेचा तिखट आहे."

बाई, तू किती नीच आहेस ते लिहून ठेव. ठेवलं.

१८ मार्च

तिसरा प्रयत्न फसला. रविराजसरांनी तिला सांगितलंय, शुक्रवारपर्यंत आकडा बसवून दे, नाहीतर बेंगळुरूहून माणूस मागवतो, आणि मग तुला कन्फर्म करायचं की नाही तेही बघतो.

म्हणजे घरी पाठवणार.

तिला वाटतं तिला जमत नाही. आज मला म्हणाली, "ताई, तुम्ही एवढं खोल काय लिहून ठेवलंय? माझी बुद्धीच पोचत नाही तिथे." डोळ्यांत आदर होता. आदर! मला तो बघवेना. मी कपाटात काहीतरी शोधायला उठले. कपाटात काही नव्हतं.

२० मार्च

सांगितलं नाही.

२१ मार्च

सांगितलं नाही. रंगराव आज बारा मिनिटं बसले. गेले तेव्हा खोका नीट सरकवून गेले.

२२ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

चार वाजता पाणी भरायला खाली गेले तर सरांच्या काचेच्या केबिनमध्ये ऋतुजा उभी. खुर्ची रिकामी, तरी ही उभीच. ते बोलत होते, ही हातातल्या वहीकडे बघत होती. माझी पावलं आपोआप आत गेली, दारावर टकटकसुद्धा न करता.

"सर, ती ओळ खोटी आहे."

"कुठली ओळ?"

"आकड्याची. ती काही तपासत नाही. काहीही टाकलं तरी पुढे जाते. पहिल्या दिवसापासून."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग, "का लिहिलीत?"

आता हे कसं सांगायचं? माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणूस, भिंतीवर बायको-मुलांचा महाबळेश्वरचा फोटो. त्याला काय सांगू, की माझ्याशी कुणी बोलत नव्हतं? म्हटलं, "चाचणीपुरती घातली होती. काढायची राहिली."

"तीन वर्षं?"

"हो."

वाटलं होतं, ओरडतील, मेमो देतील. काही नाही. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ऋतुजा, डिलीट. कलम सात-चार मी क्वालिटीवाल्यांकडून काढून घेतो." झालं. दोन वाक्यांत.

मी मेमोसुद्धा खुशीनं घेतला असता. काहीतरी होतं असं तरी वाटलं असतं.

केबिनबाहेर ऋतुजा थांबली. "तीन आठवडे, ताई," एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरायला गेले, तो तिनं काढून घेतला. बरोबर केलं.

साडेपाचला शेवटचं बिल्ड जुन्या स्क्रिप्टनं. रंगराव आले. त्यांना कुणी सांगितलं होतं की नव्हतं, माहीत नाही. मी चष्मा लावला. आकडा सांगितला. चार हजार एकशे सात.

२५ मार्च

टूल साडेपाचला आपोआप सुरू झालं. क्लायंटच्या माणसांनी कौतुक केलं, चहा-बिस्किटं घेतली, गेले. आकड्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. ऋतुजाला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. पेढे खाली वाटले. माझा चहावाल्याच्या हाती वर आला, कागदात.

२६ मार्च

साडेपाच. कुणी नाही.

२७ मार्च

कुणी नाही.

२९ मार्च

धुळवड. सुट्टी. मथुराबाईंनी कालची पुरणपोळी आणून दिली. "उरली होती," म्हणाल्या. खिडकीतून रंगलेली पोरं बघितली. एकानं वर बघून पिचकारी रोखली, मग दुसरीकडे वळला.

२ एप्रिल

सुटताना फाटकाशी रंगराव दिसले. काहीतरी बोलणार असं वाटलं. तोंड उघडलंही. मग स्कूटरला किक मारली, चार वेळा, आणि "बराय, ताई." मला वाटतं त्यांना राग आलाय. तीन वर्षं ह्या वयात मी त्यांना तीन जिने चढवले, फुकट. मला आला असता.

काम काय करते मी आता? सकाळी टूलचा ई-मेल येतो — बिल्ड व्यवस्थित. मी तो फाइल करते. एवढंच. पगार तोच आहे. कुणी काही बोलत नाही. टोमणा जरी मारला असता कुणी! पुण्यात राहून टोमणासुद्धा मिळू नये म्हणजे कमाल झाली.

५ एप्रिल

कुणी नाही. आज साडेपाचला मी स्वतःच आकडा मोठ्यानं म्हटला. खोक्यांना.

९ एप्रिल

भाऊजींचा फोन आला होता मथुराबाईंकडे. वाशिमला कॉम्प्युटर क्लास काढतायत, शिकवायला येशील का म्हणाले. "तिथे कोण आहे तुझं?" असंही म्हणाले. मी म्हटलं, विचार करते. काय विचार करायचाय? बरोबरच विचारलं त्यांनी. अकरा वर्षं पुण्यात, आणि कोण आहे?

राजीनामा लिहिला. चार ओळी. त्यात मात्र एकही खोटी नाही.

१३ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, एकटीनं. दोरी बांधायला दोन माणसं लागतात. दातात धरली. सोमवारी राजीनामा देते.

१५ एप्रिल, सोमवार

हे ऑफिसातच लिहितेय. घरी जाईपर्यंत धीर नाही.

पाकीट घेऊन उठले तर समोर ऋतुजा. तीन आठवड्यांनी. म्हणाली, जुनं मशीन भंगारात जाणार, ती ते रिकामं करत होती, त्यावर एक फाइल आहे, ठेवू का टाकू? साडेपाचला लोकांनी जे जे टाइप केलं ते सगळं त्यात आहे. मला आठवलं — नुसत्या दिखाव्याला मी आकडा एका फाइलीत उतरवून घेत होते, खाली कुणालाही उघडून वाचता येईल अशा, आणि स्वतः कधी उघडून बघितली नव्हती. मीच दिलेले आकडे मीच काय वाचायचे? म्हटलं, टाक, आकडेच आहेत.

"आकडे नाहीत, ताई." तिनं कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खोक्यावर बसली.

इंग्रजी अक्षरांत मराठी. प्रत्येकाचं नाव, तारीख. पहिले दोन-अडीच आठवडे आकडे आहेत. मग —

रंगराव, १४ जुलै ९९: बोट घसरलं, भलतंच पडलं, तरी चाललं. आकडा बिकडा काही नाही. कुणी ताईंना बोलू नका. पाळी लावून जात जाऊ.

नम्रता: गेले. बऱ्या आहेत. हसल्या.

मच्छिंद्र: माझ्याने बोलणं होत नाही. उभा राहून आलो.

नम्रता: खोकला खूप आहे. उद्या ज्याची पाळी त्याने औषधाचं विचारा, पण सहज विचारा.

रंगराव: ताईंच्या आईचं वर्षश्राद्ध झालं परवा. आज जास्त वेळ बसलो.

तीन वर्षं. एक दिवस सुटलेला नाही. ह्या महिन्यातलं — नाही, मार्चमधलं, रंगरावांचंच: ऋतुजाला कुणी सांगू नका. ताईंचं ताईंना सांगू द्या.

आणि शेवटची नोंद, २२ मार्च, साडेपाच वाजून नऊ मिनिटं. रंगराव: उद्यापासून हे बंद. वर जायला आता काय निमित्त काढायचं? कुणाला सुचलं तर इथे लिहा.

त्याच्याखाली काही नाही. लिहिणार कुठे, स्क्रिप्टच बंद झाली.

पाच वाजून वीस मिनिटं झालीत. ऋतुजा जिन्यात थांबलीय. मी खाली जातेय. काय निमित्त सांगायचं ते मलाही सुचलेलं नाही.